किसनच्या पणतूची सही

"अथी तूर होते का हो?"

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर वाशिमकडच्या अनसिंग गावच्या एका शेतकऱ्यानं मला हा प्रश्न विचारला होता. समोर समुद्र कसा, तर कॅलेंडरवर छापतात तसा. बाकीचे सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढत होते आणि हा गडी समुद्राकडे पाठ करून झाडीतली माती बोटांनी चुरून पाहत होता. मी म्हटलं, "तूर नाही होत, नारळ-सुपारी होते." त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "मंग एवढ्या दूर कायले आनलं बापा आमाले?"

या माणसाची नक्कल करून मी पुढची कित्येक वर्षं बसमध्ये हशे मिळवले. आता घरी बसल्यावर वाटतं, निदान त्यानं वाकून त्या बेटाला हात तरी लावला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही, आणि त्या बाकीच्यांत मी स्वतःही आलो.

मी टूर मॅनेजर होतो. राहणार मंगरूळपीर, नोकरी अकोल्याच्या एका यात्रा कंपनीत. आमच्या भागातल्या लोकांना मी बेटं दाखवली. मुख्य काम अंदमानचं. अधूनमधून लक्षद्वीप, श्रीलंका आणि एक-दोनदा मॉरिशस. लोकांना वाटतं, काय मजा आहे लेकाची, फुकटात फिरतो! मजा काय असते ती सांगतो. पहाटे पाचला दारं ठोठावायची. चाळीस माणसं मोजून बोटीत चढवायची, तेवढीच मोजून उतरवायची. ज्यांनी आयुष्यात तळं सोडून पाणी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी बोटीत उलट्यांच्या पिशव्या घेऊन हिंडायचं. आमच्यासोबत आमचा स्वयंपाकी असायचा, त्याला सगळे महाराज म्हणत. तो ज्वारीचं पीठ आणि ठेचा वाशिमहूनच घेऊन निघायचा. आमच्या लोकांनी अंदमानात नऊ-नऊ दिवस राहून तिथला एक घास चाखला नाही. परत येऊन मात्र गावभर सांगितलं, "तथचं जेवन काही खरं नाही."

या धंद्याचं खरं हत्यार म्हणजे गोड खोटं. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली, तर 'बोट रद्द झाली' असं कधी म्हणायचं नाही. म्हणायचं, "आज तुमच्यासाठी याहून भारी कार्यक्रम ठेवला आहे." खोलीतून समुद्र दिसेल असं छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात गॅलरीतून मान काढली की तेवढी निळी चिंधी दिसते, तेव्हा म्हणायचं, "सगळ्यात शांत खोली तुम्हालाच दिली आहे, काका." सुरुवातीला जीभ अडखळायची. पुढे पुढे तर बायकोनं भाजीत मीठ कसं झालं विचारलं तरी खरं काय ते आधी आठवावं लागायचं.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालो होतो. पहिल्या दौऱ्याआधी मी शंभर पानी वही भरून टिपणं काढली. इंग्रजांनी ही बेटं कशाला घेतली, कैदी कुठून कुठून आणले, त्यांच्याआधी हजारो वर्षं तिथं कोण राहत होतं, त्यांचं काय झालं. बसमध्ये माइक हातात घेऊन मी बोलायला लागलो. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "मॅनेजर, अंताक्षरी घ्या नं!" ती वही पुढे महाराजांनी किराणा लिहायला घेतली.

सेल्युलर जेलमध्ये संध्याकाळी प्रकाश आणि आवाजाचा खेळ असतो. तिथं आमचे लोक रडायचे, आणि खरंच रडायचे, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसत बाहेर आले की बसच्या खिडकीसाठी एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं घालायचे. एकदा रिसोडचे निवृत्त हेडमास्तर होते. ते बाराटांगच्या रस्त्यावर बिस्किटांचे पुडे मांडीवर घेऊन बसले. त्या रस्त्यानं जंगलातून जाताना जारवा लोक कधी दिसतात. त्यांच्याजवळ थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, असा कायदा आहे. हेडमास्तर मला म्हणाले, "सर, एखादा तरी दिसन नं? नातवाले सांगतलं हाय, फोटो आनतो म्हनून." मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "नशिबात असेल तर दिसेल." माणसाला वाघासारखं नशिबावर टांगून ठेवलं मी, आणि तेही हसत हसत.

त्या दिवशी बसमध्ये पुढच्या सीटवर शिवलाल बसला होता. त्यानं मागं वळून ते पुडे उचलून आपल्या पिशवीत घातले आणि हेडमास्तरांना म्हणाला, "मास्टरजी, ये उनका घर है. हम लोग उनके आँगन में से जा रहे हैं. किसी के आँगन में से जाते हैं तो सिर नीचे रखते हैं." हेडमास्तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हा शिवलाल आमचा तिथला गाईड. माझ्याच वयाचा, सावळा, काटक, पायात कायम रबरी चपला. आडनाव नाही. विचारलं तर म्हणायचा, "हम लोकल हैं." अंदमानात या शब्दाला वजन आहे. इंग्रजांनी जे कैदी नेले, त्यातल्या ज्यांनी शिक्षेची वर्षं नीट काढली त्यांना बाहेर राहायची, शेती करायची परवानगी मिळे. लग्नही करता येई, ते बायकांच्या तुरुंगातल्या कैदी बाईशी. या जोडप्यांची जी पोरंबाळं झाली, ती 'लोकल'. बाप वऱ्हाडातला, आई कुठची तरी बंगाल-पंजाबातली. कुणाचा देव कोणता, कुणाची जात कोणती, हे पहिल्या पिढीतच मिसळून गेलं. घरात बोली उरली ती हिंदी.

शिवलाल हे लोकांना असं सांगायचा की अंताक्षरीवाले गप्प बसायचे. "हमारे यहाँ शादी कैसे होती थी मालूम? कैदी मर्द लोग लाइन में खड़े होते थे. औरत देखती, औरत हाँ बोलती. मेरी परदादी ने तीन को ना बोला, चौथा मेरा परदादा. खून का कैदी था, लेकिन कहते हैं कि उस दिन नहा के आया था." बायका खुदकन हसायच्या. मग तो हळूच विचारायचा, "आप लोगों में बासीम का कोई है?"

बासीम म्हणजे आपलं वाशिम. इंग्रजांच्या कागदांत तेच नाव आहे. शिवलालच्या नात्यातल्या एकानं जुन्या दप्तरातून त्याच्या पणजोबाच्या नोंदीची नक्कल काढून दिली होती. तिच्यावर लिहिलं होतं: किसन वल्द तुकाराम, जिल्हा बासीम, आणि पुढे गावाचं नाव. गुन्हा, खून. कशावरून, तर धुऱ्यावरून. आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. आजही पोलीस ठाण्यात जाऊन पाहा, निम्मी भांडणं धुऱ्याचीच सापडतील.

ते गाव मला ठाऊक होतं. रिठदच्या अलीकडे आहे. नाव इथं लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून रस्त्यात भेटतात. रिसोडच्या एसटीतून मी ते गाव शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी पहिल्यांदा शिवलालनं ती नक्कल दाखवली तेव्हा मी म्हणालो, "ढूँढ़ता हूँ." पुढच्या वर्षी म्हणालो, "ढूँढ़ रहा हूँ." अशी पाच वर्षं गेली. काहून? काही कारण नाही. परत आलं की घर, बिलं, पुढची बुकिंगं, आणि ते गाव कुठं पळून जात होतं? दर वर्षी तो जेट्टीवर उभा राहून माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि मी दोन्ही हात हलवून सांगायचो, "कोशिश जारी है, शिवलाल भाई."

सहाव्या वर्षी त्याची बायको वारली. तो म्हणाला, "अब मेरे बाद तो पूछने वाला भी कोई नहीं." तेव्हा कुठं मला लाज वाटली. परत आल्यावर आठवड्याच्या आत मी त्या गावी गेलो.

घर सापडायला अर्धा तास लागला नाही. पाच वर्षांचं काम अर्ध्या तासाचं होतं. घरचे कर्ते, त्यांना आपण दादाराव म्हणू. पासष्टीचे, चांगली शेती, ट्रॅक्टर, माणूस बोलायला मोकळा. मी म्हटलं, "तुमच्या घराण्यात कोणी किसन नावाचा होता का? खूप जुना, पणजोबांच्या वेळचा?"

"होता नं!" दादाराव म्हणाले. "आमच्या पनजाचे भाऊ. किसनबुवा. बैरागी होऊन निघून गेले ते गेले. मागं बायको नाही, पोर नाही. म्हनून तं आखाजीले आमी त्याइचं ताट वाढतो."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. वऱ्हाडात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. आतून दादारावांच्या आई आल्या, नव्वदीला टेकलेल्या. त्यांना सगळे मोठीमाय म्हणत. त्या म्हणाल्या, "मी या घरात नवरी म्हनून आली तवापासून वाढतो बावा. सासूनं सांगतलं होतं, हे ताट चुकवायचं नाही, त्याले मागं कोनी नाही."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत. तिकडे बेटावर एक माणूस पणजोबाचं गाव विचारत फिरतो आणि इकडे त्याच पणजोबाचं ताट वर्षानुवर्षं मांडलं जातं! मी खुशीत सगळं सांगून टाकलं. ते बैरागी झाले नव्हते; धुऱ्यावरून खून झाला, काळ्या पाण्यावर गेले. मग दादारावांनी विचारलं, "लेकरंबाळं झालती का त्याले तथी?"

मला वाटलं, मायेनं विचारताहेत. मी म्हटलं, "झाली ना! पणतू आहे. सोन्यासारखा माणूस आहे."

"पनतू," दादाराव म्हणाले. "एकच हाय का अजून हायेत?"

आजन्म वऱ्हाडात काढलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ कळू नये? मूर्ख कुठला! बेटांवर फिरून फिरून मी आपलीच माणसं वाचायला विसरलो होतो. मी सांगितलं, एकच आहे. आणि वर म्हणालो, "येत्या आखाजीला घेऊन येऊ का त्याला?" दादाराव म्हणाले, "या की घिऊन. आपलंच घर हाय."

शिवलाल आखाजीच्या आदल्या दिवशी नागपूरला उतरला. आयुष्यात पहिल्यांदा तो बेटाबाहेर आला होता. रबरी चपलांच्या जागी बूट, इस्त्रीचा शर्ट, आणि पिशवीत आपल्या परसातले चार नारळ आणि दालचिनीची साल. एसटीत खिडकीशी बसून तो बाहेरची उन्हाळ्यातली काळी, भेगाळलेली वावरं पाहत होता. मला म्हणाला, "इतनी जमीन, और पानी कहीं नहीं. परदादा को वहाँ कैसा लगा होगा? सब तरफ पानी!" वाशिमला माझ्या मेहुण्याकडे मुक्काम केला. सकाळी उठून तो दोनदा न्हाला.

गावात पोचलो तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली. दादाराव, त्यांचे दोन भाऊ, आणि कोपऱ्यात एक पांढऱ्या शर्टातला माणूस मांडीवर फाइल घेऊन. मी त्याला ओळखत होतो. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून कागद लिहून देणारा तो. शिवलालनं सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. धाकट्यांच्यासुद्धा पाया पडला. त्याला काय ठाऊक कोण धाकटं. पाणी आलं, चहा आला. फाइलवाल्यानं बोलता बोलता त्याच्या बापाचं, आजाचं नाव विचारून टिपून घेतलं. दादारावांच्या भावानं विचारलं, "जात कोनती आता तुमची?" शिवलाल हसून म्हणाला, "वो तो जहाज में ही छूट गई, भाईसाहब." कोणी हसलं नाही.

दादारावांनी मला डोळ्यानं खुणावलं आणि गोठ्याकडे घेऊन गेले.

"मॅनेजरसाहेब, मानूस चांगला दिसून राह्यला. आमचं काही म्हननं नाही. पन उद्या त्याले कोनी वकील भेटला आन् म्हने, माह्या पनजाचा अर्धा हिस्सा द्या, तं आमी काय करायचं?"

"अहो, तो कशाला मागेल? त्याच्या मनातही नाही."

"मनात नसते, मंग येते." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हक्कसोड लिहून ठेवली हाय. त्याची सही झाली की मंग जेवन. घरचा मानूस म्हनून पंक्तीत बसवतो त्याले. नाहीतं मले पोराइले समजावता येनार नाही."

मी म्हटलं, "त्याला काय सांगू मी? शंभर-सव्वाशे वर्षांनी घरी आलेल्या माणसाला पहिल्या तासात हक्कसोड?"

"सांगा काही बी. तुमचं तं रोजचं काम हाय ते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं, कारण हे मला जमत होतं. बोट रद्द झाली आहे. आता चाळीस माणसांना हसत ठेवायचं आहे. मी ओसरीवर आलो, शिवलालच्या शेजारी बसलो आणि माझ्या त्या माइकवरच्या आवाजात म्हणालो, "शिवलाल भाई, ये खानदान का कागज है. इसमें आपका नाम चढ़ा रहे हैं. आप साइन करो, फिर सब साथ में खाना खाएँगे."

त्यानं कागद हातात घेतला. बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, भरून आलं असेल. मग त्यानं एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ये परदादा का नाम है ना? किसन, तुकाराम का बेटा?"

"हाँ, वही."

"और उसके नीचे मेरा?"

"हाँ."

"ठीक है," तो म्हणाला, आणि त्यानं सही केली. प्रत्येक पानावर केली. फाइलवाल्यानं अंगठाही घेतला. एक छायाप्रत मिळेल का, असं त्यानं विचारलं. दादाराव आता इतके खूश होते की त्यांनी पोराला गाडीवर पिटाळून प्रत आणवली.

जेवण चांगलं झालं. सांजोऱ्या, आंब्याचा रस, कढी. देवघरापुढे पाटावर किसनचं ताट मांडलेलं होतं. मोठीमायनं शिवलालला जवळ बोलावलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाक पाहा याचं. हे आमच्या घरचंच नाक होय." तिनं त्याच्या हातून त्या ताटाशेजारी पाणी ठेववलं. तिचं मराठी त्याला कळत नव्हतं, पण तो 'जी, जी' करत रडत होता. त्या घरात त्या दिवशी खरं बोललेलं ते एकच माणूस, आणि तिला कागदाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

निघताना शिवलाल म्हणाला, "वो खेत देख सकते हैं क्या? जिसके बाँध पे झगड़ा हुआ था?"

दादाराव म्हणाले, "लय दूर हाय. ऊन पाहा कसं तापून राह्यलं."

ते वावर घराच्या मागच्या दारातून दिसत होतं. मी जाणत होतो, सगळे जाणत होते. मी शिवलालला म्हणालो, "दूर है, शिवलाल भाई. अगली बार."

महिन्याभरानं रिसोडच्या बाजारात दादाराव भेटले. मीच विषय काढला, मोठीमाय कशा आहेत म्हणून. त्या गेल्या होत्या, पंधरा दिवसांपूर्वी. मी हळहळलो. मग ते म्हणाले, "ते ताट आता बंद करतो आमी. खुनी मानसाचं कायले वाढायचं? आन् वारस निघाला नं त्याचा. आता तो पाहीन." एवढं बोलून ते भाव करायला लागले, मिरचीचा.

त्या हंगामात माझा अंदमानचा शेवटचा दौरा होता. गुडघे गेले होते, कंपनीनं नारळ द्यायचं ठरवलं होतं. शिवलाल जेट्टीवर नेहमीसारखा उभा होता. नेहमीसारखं त्यानं लोकांना जेल दाखवला, परदादीनं तिघांना नाही म्हटलं ते सांगितलं. एकच फरक होता. 'बासीम का कोई है?' हे त्यानं विचारलं नाही. गटात वाशिमचे सोळा लोक होते.

शेवटच्या दिवशी दुपारी तो मला एकट्याला घरी घेऊन गेला. पत्र्याचं घर, पुढे नारळ, दारात चपला ओळीनं. आत भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो, आणि फोटोशेजारी काचेच्या चौकटीत तो कागद होता. हक्कसोडपत्राची छायाप्रत, आणि तिला हार घातलेला!

आज ना उद्या मराठी वाचणारा कोणी प्रवासी इथं चहाला येणार, आणि मोठ्यानं वाचून दाखवणार. मी म्हणालो, "शिवलाल भाई, ये... ये कायको लगाया? सरकारी कागज है, अंदर पेटी में रखो. खराब हो जाएगा."

तो चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, स्कूल तो हम भी गए हैं. हिंदी मीडियम. अक्षर तो वही हैं ना?"

त्यानं गाळणं बाजूला ठेवलं.

"हक्क, समझा. जमीन, हिस्सा, समझा. वारस, वो भी समझा. पूरा नहीं, पर जितना चाहिए उतना उधर ही समझ गया था."

"मग साइन का केली?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

त्यानं कप माझ्यासमोर ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं. "हक छोड़ने के लिए पहले हक लिखना पड़ता है, सर. देखो क्या लिखा है. तुकाराम, उसका बेटा किसन, उसका बेटा, उसका बेटा, फिर मैं. गाँव का नाम है, उन लोगों के दस्तखत हैं. इधर के कागज में मेरा परदादा सिर्फ कैदी है. ये एक ही कागज है दुनिया में जिसमें वो किसी का भाई है. जमीन का मैं क्या करता? मेरे को तो इतना ही चाहिए था, और वो उन्होंने डर के मारे खुद लिख के दे दिया."

मी चहा उचलला, परत ठेवला. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला.

"उन लोगों का डर मैं समझता हूँ. खेती वाले हैं, डरेंगे. लेकिन आपको किस बात का डर था? आप बोल देते कि शिवलाल, ये लोग जमीन छुड़वाने का कागज लाए हैं. मैं तब भी साइन कर देता. आपने झूठ क्यों बोला?"

कसली भीती होती मला? दादाराव माझे कोण लागत होते? मी म्हणालो, "माफ करो." तो म्हणाला, "चाय पियो." आम्ही चहा प्यालो. बाहेर नारळाच्या झावळ्या वाजत होत्या आणि मी घड्याळ पाहत होतो, कारण बस यायची होती आणि ती लवकर यावी असं मला वाटत होतं.

मी उठलो तेव्हा त्यानं विचारलं, "वो थाली, सर? परदादा की. वो तो रखते हैं ना अभी भी?"

आत्ताच माफी मागितली होती मी, दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आणि माझी जीभ, त्या धंद्यात घासून गुळगुळीत झालेली माझी जीभ म्हणाली, "हाँ हाँ, रखते हैं. क्यों नहीं रखेंगे?"

शिवलालनं मान हलवली. "अच्छा है," म्हणाला. बसपर्यंत सोडायला आला, माझी बॅग त्यानंच उचलली.

या गोष्टीला दोन आखाज्या होऊन गेल्या. त्याचा फोन येतो, सणावाराला. मोठीमाय कशी आहे विचारतो, मी म्हणतो बरी आहे. दर वेळी ठरवतो, आज सांगायचं. आणि दर वेळी तो आवाज आपोआप सुरू होतो, माइकवरचा. तोंडानं माझ्याच्यानं हे होणार नाही, एवढं आता कळून चुकलं आहे.

म्हणून लिहिलं. शिवलाल भाई, मोठीमाय गेली, तू भेटून गेलास त्यानंतर लगेच. ताट बंद झालं. ते वावर घराच्या मागच्या दारातून दिसतं, चाळीस पावलांवर आहे, आणि मी तुला दूर आहे म्हणालो.

या अंकाची एक प्रत मी त्याला टपालानं पाठवतो आहे. मराठी असलं तरी तो वाचेल.